सात किलोंचा विवेक : मुलांना घेऊन विमानात बसताना



मागच्या वेळी आपण ‘गरज आणि इच्छा’ या विषयावर बोललो. प्रश्नोत्तरांच्या शेवटी तिसऱ्या रांगेतून एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘मॅडम, गरज-इच्छा सगळं पटलं हो. पण पुढच्या महिन्यात मी आणि हे, नातवाला घेऊन त्याच्या आईबाबांकडे निघालोय. विमानात हातात म्हणे सात किलोच नेता येतं. त्यात काय घालू, तेवढं सांगा.’’ सगळे हसले, मीही हसले. ‘वेळ संपली’ असं म्हणून मी तेव्हा सुटले. घरी गेल्यावर मात्र वाटलं, दीड तास मी जे सांगत होते ते या बाईंना पिशवी भरताना उपयोगी पडणार नसेल, तर सांगून काय मिळवलं? म्हणून आज सुटका नाही. आजचं सगळं व्याख्यान त्या सात किलोंवर.

आधी एका शब्दाकडे बघू. आपण ‘विवेक’ म्हणतो तेव्हा काहीतरी फार उंचावरचं बोलतोय असं वाटतं. मूळ धातू आहे ‘विच्’. त्याचा अर्थ वेगळं करणं, पाखडणं. आपल्या आज्या सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसायच्या, ती विवेकाचीच क्रिया. तेव्हा पिशवी भरणं हे तत्त्वज्ञानाबाहेरचं काम आहे, असं समजायचं कारण नाही. फरक एवढाच, की इथे चूक झाली तर ती आपल्याला भोवत नाही, मुलाला भोवते.

प्रश्न कोणता विचारायचा

आपण सगळे पिशवी भरताना स्वतःला एकच प्रश्न विचारतो : ‘काय काय लागेल?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कारण त्याला ‘नाही’ असं उत्तर कधी येतच नाही. स्वेटर लागेल? लागू शकेल. दुसरा स्वेटर? पहिला ओला झाला तर लागेल. छत्री? उतरल्यावर पाऊस असला तर? अशानं सात किलो काय, सत्तर किलोही पुरणार नाहीत.

आपल्या न्यायशास्त्रात कार्यकारणभाव तपासायची एक जुनी जोडी आहे, अन्वय आणि व्यतिरेक. अन्वय म्हणजे ‘हे असलं की ते असतं’. व्यतिरेक म्हणजे ‘हे नसलं की ते नसतं’. पिशवी भरताना आपण फक्त अन्वय लावतो : हे असलं तर बरं होईल. अन्वयाच्या परीक्षेत प्रत्येक वस्तू उत्तीर्ण होते. निवड करायची तर व्यतिरेक लावायला हवा. हे नसलं तर काय होईल? आणि त्याच्या पुढे माझी एक पुरवणी : ते किती वेळात होईल?

ही ‘किती वेळात’ची पुरवणी मला पुस्तकातून सुचलेली नाही. ती कशी सुचली ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आठ वर्षांपूर्वी मी आणि माझे यजमान आमच्या नातवाला त्याच्या आईवडिलांकडे पोचवायला निघालो होतो. तो साडेचार वर्षांचा. सर्दी झाली की त्याची छाती भरायची, श्वासाला शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी इनहेलर दिला होता, आणि लहान मुलांना तो ज्या नळकांड्यातून देतात तो स्पेसरही. आम्ही शहाण्यासारखे दोन्ही हातातल्या ट्रॉली बॅगेत ठेवले होते. पहिलं मोठं विमान व्यवस्थित पार पडलं. दुसरं विमान लहान होतं. दाराशी एक कर्मचारी उभा होता. वर जागा पुरणार नाही म्हणून तो चाकांच्या सगळ्या बॅगा घेत होता, चिठ्ठी बांधत होता आणि खाली सामानात पाठवत होता. मी मुकाट्यानं बॅग दिली. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, हात मोकळा झाला.

विमान वर गेल्यावर अर्ध्या तासानं त्याला खोकला सुरू झाला. मग शिट्टी. इनहेलर माझ्यापासून फार तर आठ-दहा फुटांवर असेल, सरळ खाली, विमानाच्या पोटात. पण त्या वेळी तो आठ-दहा फुटांवरही नव्हता आणि आठ-दहा मैलांवरही नव्हता. तो पाऊण तासावर होता. विमानातल्या औषधांच्या पेटीत तसंच औषध होतं आणि प्रवाशांमध्ये एक डॉक्टर होते, म्हणून निभावलं. तोवर मी किती वेळा ‘थांब बाळा, थांब’ म्हटलं असेल, कोण जाणे. म्हणताना मला कळत होतं की हा शब्द इथे कुचकामाचा आहे. श्वासाला ‘थांब’ म्हणता येत नाही.

चूक त्या कर्मचाऱ्याची नव्हती. तो त्याचं काम करत होता. चूक माझी होती. ‘हातातलं सामान’ म्हणजे सगळं आपल्या हाताशीच असतं, असं मी धरून चालले होते.

तेव्हापासून माझा नियम असा. वस्तू किती महाग किंवा किती महत्त्वाची, यावरून तिची जागा ठरवायची नाही. ती नसताना मूल किती वेळ थांबू शकतं, यावरून ठरवायची. विमानात सामानाच्या जागा चार : अंगावर, पायाशी, डोक्यावर आणि पोटात. मिनिटांत लागणारं अंगावर. पाव-अर्ध्या तासात लागणारं पायाशी. तीन-चार तास थांबू शकणारं डोक्यावरच्या कप्प्यात. आणि दिवसभर, दोन दिवस थांबू शकेल ते सगळं खुशाल विमानाच्या पोटात.

आता एकेक जागा बघू.

अंगावर

गळ्यात अडकवायची छोटी पिशवी किंवा कमरेचा बटवा घ्या. ती विमानात चढताना कुणी काढून घेत नाही, आणि झोपतानाही काढायची नाही. तीत पहिली गोष्ट म्हणजे तातडीचं औषध. इनहेलर, फिट येणाऱ्या मुलाचं औषध, तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन. ते मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सुट्या गोळ्या पुडीत बांधून नेऊ नका. परक्या देशात त्या पुडीत काय आहे हे तुम्ही कसं पटवणार?

दुसरी गोष्ट, कागद. पासपोर्ट आणि व्हिसा तर झालेच. मूल परदेशी नागरिक असेल तर त्याचं ओसीआय कार्ड. देशातल्या देशात तान्ह्या बाळाच्या वयाचा पुरावाही मागतात. पण आजी-आजोबा एकटे नातवंडाला नेत असतील तर आणखी एक कागद हवा, तो म्हणजे आईवडिलांचं संमतिपत्र. ‘आमचा मुलगा आमच्या परवानगीनं अमुक तारखेला यांच्याबरोबर प्रवास करत आहे,’ असं लिहिलेलं, दोघांच्या सह्यांचं, शक्यतो नोटरी केलेलं आणि इंग्रजीत. काही देशांत अधिकारी ते आवर्जून विचारतात. आपल्याला वाटतं, ‘अहो, मी त्याची सख्खी आजी!’ खरंय. पण ते फक्त तुम्हाला आणि त्याला माहीत आहे, समोरच्याला ते कागदावरून कळतं.

आईवडिलांचे फोन नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण मोबाईलची बॅटरी संपते. तसाच एक कागद मुलाच्या खिशातही घाला.

तिसरी गोष्ट ऐकून काहीजण हसतील. मुलाची ‘ती’ वस्तू. कुणाचं फडकं असतं, कुणाचा एक कान तुटलेला ससा, कुणाची आजीच्या लुगड्याच्या गोधडीची चिंधी. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. त्यांनी १९५१ साली या वस्तूंवर एक निबंध वाचला, तो १९५३ साली छापून आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही वस्तू मुलाला निव्वळ खेळणं वाटत नाही. आई आणि बाहेरचं जग यांच्या मधल्या जागेतली ती वस्तू असते, एक पूलच म्हणा ना. आई दिसत नसतानाही तिची सोबत त्या वस्तूतून टिकते. आता विचार करा, विमानप्रवास म्हणजे सगळंच परकं. वास परका, आवाज परका, माणसं परकी. आजी-आजोबांबरोबर जाणाऱ्या मुलाची तर आई दुसऱ्या टोकाला. अशा वेळी ती चिंधी पोटातल्या बॅगेत टाकणं म्हणजे पूल पाडून मग ‘ये पलीकडे’ म्हणणं.

आणि एक विनंती. प्रवासाला निघताना आपण घरातलं सगळं धुऊन काढतो. ती चिंधी मात्र धुऊ नका. विनिकॉट यांनीच लिहून ठेवलंय, की तिचा वास, तिचा मळकेपणा हाच मुलासाठी तिचा सलगपणा असतो. धुतली की तो तुटतो. गोधडी मोठी असेल तर महिनाभर आधी तिचा हातभर तुकडा कापून शिवून घ्या आणि मुलाला त्याची सवय होऊ द्या.

पायाशी

पुढच्या खुर्चीखाली मावेल अशी मऊ कापडी पिशवी घ्या. डोक्यावरच्या कप्प्यापेक्षा ही वेगळी का? कारण विमान चढताना आणि उतरताना पट्टा बांधून बसावं लागतं, उठता येत नाही. शिवाय मूल मांडीवर झोपलं की तुम्ही बांधलेच गेलात. तेव्हा वरचा कप्पा असून नसल्यासारखा.

विमानात शरीराचं काय होतं, हे इथे थोडं समजून घेऊ, म्हणजे यादी पाठ करावी लागणार नाही. उंचावर गेल्यावर विमानातल्या हवेचा दाब जमिनीसारखा राहत नाही. साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर जेवढा असतो, तेवढा असतो. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. म्हणजे तुमचं नातवंड मांडीवर बसल्या बसल्या कळसूबाईच्याही वर असतं. चिवड्याचं पाकीट फुग्यासारखं टम्म होतं ते यामुळे. नळीची अर्धी भरलेली बाटली उघडली की कारंजं उडतं तेही यामुळेच. म्हणून बाटली टोपणापाशी रुमाल धरून हळूच उघडायची. आणि म्हणूनच कपड्यांचा एक जोड पायाशी हवा.

जोड दोन घ्या. एक मुलाचा आणि एक तुमच्यासाठी वरचा. मुलाला उलटी झाली की ते स्वतःच्या अंगावर कमी आणि उचलून घेणाऱ्याच्या अंगावर जास्त करतं, हा अनुभव इथे बसलेल्या प्रत्येकाला असेल. सोबत दोन रिकाम्या, तोंड बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, ओल्या कपड्यांसाठी.

आता कान. उतरताना विमानातला दाब पुन्हा वाढतो. कानाच्या पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीनं घशाला जोडलेली असते. आपण गिळलं की ती नळी उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. लहान मुलांची ही नळी अरुंद आणि जास्त आडवी असते, त्यामुळे ती सहज उघडत नाही. सर्दी असली तर आणखीच. उतरताना सगळ्या विमानातली बाळं एकदम का रडतात, त्याचं हे एक कारण. उपाय एकच, गिळायला लावणं. तान्ह्याला अंगावर पाजा किंवा बाटली द्या. मोठ्याला नळीनं घोट घोट पाणी. आणि मुख्य म्हणजे, विमान उतरायला लागण्याआधी मुलाला जागं करा. झोपेत आपण कमी गिळतो. ‘किती छान झोपलंय’ म्हणून राहू द्यायची ही वेळ नव्हे. या अर्ध्या तासासाठी पाणी आणि दूध राखून ठेवा. चार वर्षांखालच्या मुलाला मात्र कडक गोळ्या, शेंगदाणे, चणे देऊ नका. ते घशात अडकू शकतात.

विमानातली हवा फार कोरडी असते, म्हणून पाणी एरवीही लागतं. पण एक लिटर पाणी म्हणजे सात किलोंतला एक किलो! बाटली रिकामी न्या आणि सिक्युरिटी ओलांडल्यावर भरा.

पिशवीत आणखी : दर दोन-तीन तासांना एक या हिशेबानं डायपर, वर तीन जादा. त्यातले दोन पायाशी, बाकीचे वर. ओल्या वाइप्स. पातळ चादर. तापाचं औषध आणि ते किती द्यायचं, हे मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घेतलेली चिठ्ठी. रात्री दोन वाजता, अंधुक उजेडात, घाबरलेल्या मनानं चमच्याचा हिशेब करू नये.

ज्यांना बाळासाठी पाळणा मिळतो, त्यांना एक सूचना. तो पाळणा पुढच्या भिंतीला लावतात, म्हणजे तुमच्या पुढे खुर्चीच नसते. चढता-उतरताना तिथे पायाशी काहीही ठेवू देत नाहीत. तेव्हा बाटली, फडकं आणि एक डायपर आधीच काढून अंगाशी घ्या.

डोक्यावर

इथे एका रात्रीची तयारी ठेवा. पुढचं विमान चुकलं, विमानतळावर मुक्काम पडला, तर मूल काय खाईल, काय घालेल, कशावर झोपेल? तेवढंच. उरलेले डायपर, एक उबदार कपडा, दुधाची पावडर एकेका वेळेच्या मापानं पुड्या करून, ओआरएसची दोन पाकिटं.

सगळ्यांची रोजची औषधंही हातातल्याच सामानात ठेवा, खालच्या बॅगेत नकोत. आजी-आजोबांनो, ‘सगळ्यांची’ म्हणजे तुमचीसुद्धा. नातवाच्या सात पुड्या नीट बांधायच्या आणि स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या खालच्या बॅगेत टाकायच्या, हा त्याग नव्हे. तुम्हाला चक्कर आली तर ते मूल कुणाच्या भरवशावर? इन्शुलिन तर पोटात मुळीच नको, खाली ते गोठून निकामी होऊ शकतं.

पॉवर बँकही खालच्या बॅगेत चालत नाही. तिच्यातल्या लिथियम बॅटरीनं पेट घेतला तर वर तो दिसतो आणि विझवता येतो, खाली कळतही नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची एरवी चालते, आणि बाजारात मिळणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवरची असते. विमानात ती वापरायला अनेक कंपन्या आता मनाई करतात. म्हणून टॅब घरूनच पूर्ण चार्ज करा, आणि पॉवर बँक वरच्या कप्प्याऐवजी अंगाजवळ ठेवा.

द्रवपदार्थांचा नियम सगळ्यांना छळतो, त्याचं कारण सांगते. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये एक कट उघडकीला आला. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिक ओलांडणारी विमानं उडवायची, असा तो डाव होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला द्रव हातात न्यायला बंदी आली. काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे ती सैल होते आहे, पण मधल्या विमानतळावर जुनाच नियम असू शकतो. बाळाचं दूध, बाळाचं खाणं आणि औषधं यांना प्रवासापुरती सूट असते. ती लपवून न्यायची नाहीत, आधी वेगळी काढून दाखवायची. अधिकारी चाखून दाखवायला सांगतील, रागावू नका.

आणि हो, बॅग कोणती? रिकामी ट्रॉलीच अडीच किलोंच्या आसपास भरते. म्हणजे सात किलोंतला तिसरा हिस्सा चाकांनाच गेला. मुलं बरोबर असताना पाठीवरची सॅक बरी, दोन्ही हात मोकळे राहतात. आणि दाराशी कुणी बॅग मागितलीच, तर देण्याआधी अर्धा मिनिट थांबा. औषधं, कागद आणि पॉवर बँक बाहेर काढा. ‘एक मिनिट हं, मुलाचं औषध आहे,’ एवढं म्हटलं तर कुणी ओरडत नाही. मी ते अर्धं मिनिट घेतलं नव्हतं.

पोटात

उरलेलं सगळं खाली. नवे कपडे, भेटवस्तू, दिवाळीचे डबे, जादाचे बूट. खालचं सामान बहुधा वेळेवर येतं. पण ‘बहुधा’ म्हणजे ‘नक्की’ नव्हे. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा १९९९ चा माँट्रिअल करार आहे, भारत त्यात २००९ साली सामील झाला. त्यानुसार २१ दिवस उलटूनही बॅग आली नाही, तर ती हरवल्याचा दावा करता येतो. म्हणजे तीन आठवडे वाट पाहण्याची शक्यता खुद्द कायद्यानं धरलेली आहे. म्हणून पोटातल्या बॅगेतल्या प्रत्येक वस्तूकडे बघून विचारा : ही तीन आठवडे आली नाही तर? ‘वाईट वाटेल’ असं उत्तर आलं तर राहू द्या खाली. ‘मुलाचे हाल होतील’ असं आलं तर वर काढा.

श्रोत्यांचे प्रश्न

*एका तरुण वडिलांचा प्रश्न : मूल झोपावं म्हणून खोकल्याचं औषध देतात. द्यावं का?*

नाही. त्यातली काही औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना धोक्याची असतात, आणि काही मुलं तर ती घेऊन झोपण्याऐवजी उलट चेकाळतात. ते डॉक्टरांना विचारा, मला नाही. पण एक प्रश्न माझ्या विषयातला आहे. हे औषध कुणाच्या सोयीसाठी? मूल आजारी नाही. आजूबाजूचे कुरकुरतील म्हणून आपण त्याला गुंगी देतो. तेव्हा आपण त्याला प्रवासी न मानता सामान मानतो. कांट म्हणतो, माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नका. साडेचार वर्षांचा असला तरी तो माणूसच आहे. मूल रडलं तर शेजाऱ्याला ‘माफ करा हं’ म्हणावं. बरीचशी माणसं समजून घेतात.

*टॅब द्यावा का?*

द्या की. पण आत जे बघायचं ते घरी उतरवून घ्या, आणि मुलाच्या मापाचा हेडफोन घ्या. फक्त पहिल्या तासात देऊ नका, सगळ्यात मोठं अस्त्र शेवटी काढावं. त्याआधी लहान लहान गोष्टी : चिकटवायची चित्रं, दोन खडू, कोरा कागद, एक दोरा. एका वेळी एकच बाहेर काढायची. खेळण्यांना वजन फार लागत नाही. ती एकदम न दाखवण्याचा संयम लागतो, तो आपल्याला.

*खाऊ काय न्यावा? आणि काय नेऊ नये?*

दशमी, तेल न सुटणारं थालीपीठ, राजगिऱ्याचा लाडू. सवयीचं, कोरडं, हातानं खाता येणारं. नवा पदार्थ विमानात पहिल्यांदा देऊ नका. लोणचं, तूप, ओली चटणी हातात नको, सिक्युरिटीत अडतं. सुकं खोबरं तर मुळीच नको. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडतं. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी खसखस नेऊ नये. तिथे ती बेकायदा आहे, म्हणजे खसखस लावलेले अनारसेसुद्धा घरीच राहू द्या. आणि अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाला उतरण्याआधी उरलेला खाऊ, विशेषतः फळं, संपवा. नाहीतर अर्जावर प्रामाणिकपणे लिहा. मुलाच्या हातातलं अर्धं सफरचंदही तिथे मोजतात.

*(मागच्या वेळच्याच आजी) मॅडम, हे सगळं लक्षात कसं ठेवू?*

ठेवू नका! एक परीक्षा सांगते, तेवढी करा. निघायच्या आदल्या रात्री पिशव्या भरून झाल्या की जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसा. पिशवी पायाशी ठेवा, नातवाला मांडीवर घ्या, दिवा मालवा. आता एका हातानं, न उठता, त्याचं औषध काढून दाखवा. मग बाटली. मग त्याची चिंधी. मिनिटाच्या आत तिन्ही हाताला लागलं, तर तुमची तयारी झाली. नाही लागलं, तर पिशवी उपसा आणि पुन्हा भरा. आजोबांनाही करायला लावा, कारण तुम्ही स्वच्छतागृहात असताना पाळी त्यांच्यावर येणार.

आणि परीक्षेनंतर सात किलोंत जागा उरली, तर उरू द्या. प्रवासात मूल मधेच स्वेटर काढून तुमच्या हातात देणारच आहे, तो ठेवायला ती लागेल.

आजी, नातवाला सांभाळून न्या. परत आलात की इथे येऊन सांगा, काय विसरलं आणि काय उगाच नेलं. पुढच्या व्याख्यानाला मला ते उपयोगी पडेल.